आउगुस्तुवची पागा, वोलिनची जमीन : क्रेखोव्त्से उलानांची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश छावणीत राहून गेलेल्या एका कुटुंबाच्या आठवणींत असा उल्लेख येतो की वडील 'क्रेखोव्त्से उलान' होते, म्हणून रूव्ने गावाजवळ जमीन मिळाली, आणि त्या जमिनीपायीच सगळ्यांना सायबेरियात नेलं गेलं. ही रेजिमेंट कोणती? दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती काय करत होती? जर्मन रणगाड्यांवर भाले घेऊन धावलेले घोडेस्वार ते हेच का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. ते हे नव्हेत, आणि ती गोष्ट सांगितली जाते तशी घडलेलीही नाही. त्याबद्दल पुढे लिहितो. तुमची रेजिमेंट म्हणजे पोलंडची पहिली उलान रेजिमेंट, 'क्रेखोव्त्से' हे मानाचं नाव मिळालेली. आणि तुम्ही दिलेल्या मजकुरातून आणखी एक गोष्ट कळते. वडिलांना रेजिमेंटचा माणूस म्हणून जमीन मिळाली असेल, तर त्यांनी घोड्यावरून लढाई केली ती १९३९ च्या आधी, बहुधा १९१९-२० मध्ये. महायुद्धांच्या मधली वीस वर्षं ते रेजिमेंटमध्ये नव्हते, शेतावर होते. म्हणून ही कहाणी दोन ठिकाणी सांगावी लागते. एक आउगुस्तुवच्या पागेत, म्हणजे रेजिमेंटच्या ठाण्यावर, दुसरी वोलिनच्या, म्हणजे रूव्ने ज्या प्रांतात आहे त्याच्या, काळ्या मातीत.

मी लष्करात घोड्यांचा डॉक्टर म्हणून सव्वीस वर्षं काढली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातलं पोलिश लोकांचं स्मारक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा या विषयाची ओढ लागली, ती आजवर सुटलेली नाही. त्यामुळे या उत्तरात लढायांपेक्षा घोडे जास्त येतील. माझ्या मते घोडदळाचा खरा इतिहास चंदी, नाल आणि घोड्याच्या पाठीवरच्या जखमा यांतच असतो.

आधी नावाविषयी. 'उलान' म्हणजे हलका भालाईत घोडेस्वार. शब्द तातारांकडून आला. पोलिश उच्चार मात्र 'उवान' असा होतो, कारण त्यांच्या लिपीत आडवी रेघ मारलेला 'ल' हा 'व' सारखा म्हणतात. मराठीत उलान रुळलाय, तोच वापरतो. क्रेखोव्त्से हे स्तानिस्वावुव शहराजवळचं खेडं. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याचं नाव इव्हानो-फ्रांकिव्स्क.

पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता, आणि पहिल्या महायुद्धात पोलिश माणसं तिन्ही बाजूंच्या गणवेशात एकमेकांसमोर उभी होती. रशियाच्या बाजूने पुवावी इथे जी छोटी पोलिश तुकडी उभी राहिली, तिच्यातल्या घोडेस्वारांतून ही रेजिमेंट वाढत गेली. १९१७ च्या उन्हाळ्यात रशियाची चढाई फसली आणि रशियन सैन्य विस्कटलं. शिपाई बंदुका टाकून पळू लागले आणि जाता जाता स्तानिस्वावुव शहर लुटू लागले. कर्नल बोलेस्वाव मोश्चित्स्की यांच्या उलानांनी आधी शहरात शिरून ही लूट थांबवली. मग २४ जुलै १९१७ ला क्रेखोव्त्सेपाशी पुढे सरकणाऱ्या जर्मन पायदळावर घोडे घालून माघार घेणाऱ्या रशियन डिव्हिजनला वेळ मिळवून दिला. लढाई लहानच होती, पण ज्या शहराचं रक्षण केलं त्या शहरातले बरेचसे लोक पोलिश होते. एका परक्या सम्राटाच्या सैन्यातली तुकडी त्या दिवशी आपल्या माणसांसाठी लढली. रेजिमेंटने ते खेडं आपल्या नावात घेतलं आणि २४ जुलै हा रेजिमेंटचा दिवस ठरला.

मोश्चित्स्कींना स्वतंत्र पोलंड पाहायला मिळाला नाही. फेब्रुवारी १९१८ मध्ये वॉर्सॉकडे जाताना पोलेशियाच्या दलदलीच्या भागात ते मारले गेले. रेजिमेंट तेव्हा ज्या पोलिश कोअरमध्ये, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या सैन्यात होती, त्या कोअरची शस्त्रं जर्मनांनी त्याच वर्षी काढून घेतली आणि रेजिमेंट मोडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये देश उभा राहिला तसे जुने स्वार पुन्हा एकत्र आले. पुढची दोन वर्षं आधी युक्रेनियन सैन्याशी आणि मग बोल्शेविकांशी लढण्यात गेली. त्यातला सर्वांत मोठा दिवस ३१ ऑगस्ट १९२० चा, कोमारुवचा. बोल्शेविक सेनापती बुद्योन्नीची पहिली घोडदळ सेना लढून माघारी निघाली होती, आणि रूमेल नावाच्या पोलिश कर्नलच्या डिव्हिजनने तिला गाठलं. पोलिश बाजूला जेमतेम दीड हजारांच्या आसपास तलवारी होत्या, समोर त्याच्या कित्येक पट. दिवसभर दोन्हीकडचे रिसाले एकमेकांवर आदळत राहिले. (हा रूमेल पोलिश आहे. नाव सारखं असल्यामुळे वाळवंटातल्या जर्मन सेनापतीशी त्याची गल्लत होते, म्हणून सांगितलं.) युरोपातली शेवटची मोठी घोडदळाची लढाई म्हणून कोमारुवचं नाव घेतलं जातं. क्रेखोव्त्से उलान तिथे होते. युद्ध संपल्यावर रेजिमेंटच्या निशाणाला 'व्हिर्तुती मिलितारी' हे पोलंडचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालं.

इथून, म्हणजे १९२१ च्या सुमारास, रेजिमेंटच्या दोन वाटा झाल्या. निशाण, घोडे आणि नवे रंगरूट उत्तरेला आउगुस्तुवला गेले. युद्धात लढलेल्यांपैकी बरेच जण गणवेश उतरवून तिथून चारशे किलोमीटर दूर, आग्नेयेला वोलिन प्रांतात रूव्नेजवळ गेले.

आउगुस्तुव हे तळ्यांचं आणि जंगलांचं गाव. जवळून कालवा जातो. एका बाजूला पूर्व प्रशियाची सीमा आणि दुसऱ्या बाजूला लिथुआनियाची. शेजारच्या सुवाव्की शहरात दुसरी उलान रेजिमेंट आणि तिसरी श्वोलेझेर, म्हणजे हलक्या घोडदळाची, रेजिमेंट होती. या तिघी, व्होव्कोविस्कची तिसरी घोडेस्वार रायफल रेजिमेंट आणि घोड्यांनी ओढायचा तोफखाना मिळून एक ब्रिगेड होती. १९३७ पासून तिचं नाव सुवाव्की घोडदळ ब्रिगेड. सगळ्या पोलंडात मिळून घोडदळाच्या चाळीस रेजिमेंट होत्या: सत्तावीस उलान, तीन श्वोलेझेर आणि दहा घोडेस्वार रायफल.

आता पागेत येऊ. युद्धाच्या संख्येला भरलेली रेजिमेंट म्हणजे साधारण साडेआठशे माणसं आणि जवळपास तितकेच घोडे. हा आकडा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तलवारी येत नाहीत, तोबरे येतात. काम करणाऱ्या घोड्याला रोज साडेचार किलो चंदी धरा, म्हणजे रेजिमेंटला दिवसाला पावणेचार टनांहून जास्त ओट लागतात. वैरण वेगळी. पाणी घोड्यामागे तीस लिटर म्हटलं तरी पंचवीस हजार लिटर, आणि तेही दिवसातून दोन-तीन वेळा, रांगेने, एकही घोडा तहानेला न राहता. नाल साधारण सहा आठवड्यांनी बदलावे किंवा उतरवून खूर तासावे लागतात, म्हणजे नालबंदाची भट्टी एक दिवसही थंड पडत नाही. सकाळी शिट्टी वाजली की आधी घोड्याचा खरारा आणि पाणी, मग माणसाचा नाश्ता. हा क्रम जगातल्या प्रत्येक घोडदळात एकच असतो, कारण दुसरा क्रम चालतच नाही.

घोडे शेतकऱ्यांकडून आणि जमीनदारांकडून विकत घेतले जात. खरेदी मंडळ बाजाराच्या गावी येई, पाय बघे, दात बघे, पाठ बघे आणि पसंत पडलेल्या तरण्या घोड्याला चांगली किंमत देई. या एका खरेदीमुळे कित्येक जिल्ह्यांत शेतकरी नुसती नांगराची जनावरं न ठेवता चांगल्या शिंगरांची पैदास करू लागले. शक्यतो एका स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे रेजिमेंटच्या एका तुकडीत, एका रंगाचे घोडे ठेवायचे, कुमैतांत कुमैत आणि सुरंगांत सुरंग. कर्णेवाले मात्र सब्जा घोड्यांवर. दिखाऊपणा म्हणून याकडे पाहू नका. धुरळ्यात आणि गोंधळात आपली तुकडी लांबून ओळखू यावी आणि आदेश देणारा कर्णा कुठे आहे ते झटकन दिसावं, हा त्याचा मूळ उपयोग.

रंगरूट खेड्यांतले असत. पोलिश, शिवाय बेलारुशियन आणि इतरही. अनेकांना लिहिता-वाचता येत नसे, आणि लष्करात त्यांना अक्षरं शिकवली जात. पायदळापेक्षा घोडदळात जास्त दिवस ठेवत, कारण बंदूक शिकायला जेवढे महिने लागतात त्यापेक्षा घोडा शिकायला जास्त लागतात. पहिला हिवाळा रिंगणात जाई. रिकिबीशिवाय दुडकी, हात बांधून उडी, मग हातात तलवार. उन्हाळ्यात मोठा सराव, नद्या पोहून पार करणं, रात्रीची कूच. अधिकारी तयार होत ते ग्रुजोंत्स शहरातल्या घोडदळ प्रशिक्षण केंद्रात.

प्रत्येक रेजिमेंटची एक 'झुराव्हेय्का' असे. दुसऱ्या रेजिमेंटची किंवा स्वतःची चेष्टा करणाऱ्या दोन ओळींचं हे पद मेजवानीत गायलं जाई. ही चाल मूळ रशियन घोडदळातली, आणि रशियन सैन्यातून आलेल्या या रेजिमेंटने ती सहज उचलली. क्रेखोव्त्सेवाले स्वतःला 'क्रेखोव्ह्याक' म्हणवत. हा शब्द नीट लक्षात ठेवा. तुम्हाला पोलिश कुटुंबाच्या कागदांत तो सापडला तर समजा की बोलणारा या घरातलाच आहे.

आता ते लढणार कसे होते, ते सांगतो. सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटापासून पोलिश घोडदळाचं शिक्षण हळूहळू बदललं. घोडा हे पोचण्याचं साधन. लढायचं ते जमिनीवर उतरून, रायफलीने. १९३४ नंतर भाला लढाईच्या साहित्यातून गेला आणि झेंडी लावून संचलनात उरला. तलवार राहिली. कील्त्सेच्या कारखान्यात बनलेली १९३४ ची तलवार आजही जाणकार सर्वोत्तम घोडदळी तलवारींपैकी एक मानतात. पण रेजिमेंटची ताकद त्यात नव्हती. चार स्क्वाड्रन, त्यांच्यासोबत बारा जड मशीनगनची वेगळी स्क्वाड्रन, सायकलस्वारांची तुकडी, आणि रणगाड्यांसाठी चार ३७ मिलिमीटर बोफोर्स तोफा. मशीनगन 'ताचांका' नावाच्या हलक्या घोडागाडीवरून नेत. शिवाय १९३९ मध्ये रणगाड्याचं पत्र्याचं कवच फोडणाऱ्या लांब नळीच्या रायफली वाटल्या गेल्या, ज्या तोवर इतक्या गुप्त होत्या की बऱ्याच तुकड्यांनी त्या कधी चालवून पाहिल्याच नव्हत्या.

आणि इथे घोडेवाल्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वार उतरतो तेव्हा त्याचा घोडा कोण धरतो? पोलिशमध्ये या माणसाला 'कोन्योवूद' म्हणतात. लढणाऱ्यांमागे असे घोडेधरे ठेवावेच लागतात, आणि जितके घोडेधरे तितक्या रायफली रांगेतून कमी. म्हणून जमिनीवर उतरलेली आख्खी रेजिमेंट पायदळाच्या एका बटालियनइतक्याही रायफली रांगेत आणू शकत नसे. कागदावर ब्रिगेड मोठी दिसते, प्रत्यक्षात तिची रांग विरळ असते. पोलिश सेनापतींना हे चांगलं ठाऊक होतं.

मी एकदा सरावाच्या मैदानात चार घोडे धरून उभा होतो. उपचारासाठी आणलेले, सगळे शांत स्वभावाचे. टेकडीपलीकडे गोळीबार सुरू झाला आणि पहिल्याच फैरीला दोन घोडे बुजले. एक मागे सरकला, एक उभा राहिला, आणि लगाम माझ्या डाव्या करंगळीभोवती आवळला गेला. करंगळीचं वरचं पेर आजही सरळ होत नाही. तेव्हा मनात हेच आलं, की वर तोफांचा मारा, जंगलात धूर, हातात चार-चार घोडे, आणि आपले साथीदार परत येतील की नाही हे कळत नाही, अशा वेळी हा माणूस काय करत असेल? घोडदळाच्या वीरकथांत त्याचं नाव कधी येत नाही. माझ्या लेखी तो रेजिमेंटचा सर्वांत धीराचा माणूस.

मग पोलंडने इतकं घोडदळ ठेवलंच कशाला, असं आज विचारलं जातं. कारणं साधी आहेत. देशाचा पूर्व भाग दलदल, जंगल आणि कच्चे रस्ते. पावसाळ्यात तिथे ट्रक रुततो, घोडा निघतो. देशात मोटारी थोड्या, पेट्रोल महाग, आणि लष्करी डोळे १९२० च्या युद्धावर खिळलेले. त्या युद्धात घोडदळ निर्णायक ठरलं होतं. १९३७ नंतर काही रेजिमेंट घोड्यांवरून ट्रकवर चढल्या, उदाहरणार्थ क्रास्निकची चोविसावी उलान. क्रेखोव्त्से मात्र शेवटपर्यंत घोड्यावर राहिली. मला विचाराल तर चूक घोडे ठेवण्यात नव्हती. जर्मनीकडेही १९३९ मध्ये तोफा आणि रसद ओढणारे लाखो घोडे होते. चूक होती ती वायरलेस, विमानविरोधी तोफा आणि रणगाडाविरोधी तोफा कमी असण्यात. घोड्यावर बसलेल्या तुकडीला वरून विमानाने पाहिलं तर लपायला जागा नसते.

भाले आणि रणगाड्यांची गोष्ट अशी. १ सप्टेंबर १९३९ च्या संध्याकाळी क्रोयांती गावाजवळ अठराव्या पोमेरेनियन उलान रेजिमेंटच्या, म्हणजे तुमच्या नव्हे तर ग्रुजोंत्सच्या रेजिमेंटच्या, दोन स्क्वाड्रननी मोकळ्यावर बसलेल्या जर्मन पायदळावर तलवारी उपसून घोडे घातले. पायदळ विस्कटलं. इतक्यात जंगलातून चिलखती गाड्या बाहेर आल्या आणि त्यांनी स्वारांना मशीनगनने टिपलं. वीसेक स्वार पडले, रेजिमेंटचे प्रमुख कर्नल मास्तालेर्झही मारले गेले. दुसऱ्या दिवशी इटालियन बातमीदारांना तिथे आणलं गेलं. त्यांना मेलेले घोडे, मेलेले स्वार आणि शेजारी जर्मन गाड्या दिसल्या, आणि त्यांतून भाल्यांनी रणगाड्यांवर चाल करण्याची कथा जन्माला आली. जर्मन प्रचाराला ती सोयीची होती, आणि पुढे पोलंडमध्येही काहींना ती शौर्याची म्हणून आवडली. पण तो हल्ला पायदळावर होता, आणि त्याचा हेतू जर्मनांना थोपवून बाकी पोलिश पायदळाला मागे निघायला वेळ मिळवून देणं हा होता. तो साध्यही झाला.

क्रेखोव्त्सेचा सप्टेंबर याहून लांब आणि दमछाक करणारा होता. प्रमुख होते कर्नल यान लितेव्स्की, ब्रिगेडवर जनरल झिग्मुंत पोदहोर्स्की, जो स्वतः याच रेजिमेंटमध्ये घडलेला माणूस. ब्रिगेड आउगुस्तुव-सुवाव्कीच्या कोपऱ्यातून दक्षिणेकडे लढत निघाली. झाम्ब्रुवच्या परिसरात जर्मनांशी झुंजली, तिथे मोठी तुटफूट झाली, आणि उरलेले बियावोव्हिएझाच्या प्राचीन अरण्यात शिरले. तिथे पोदहोर्स्कींनी विस्कळीत तुकड्यांमधून एक घोडदळ डिव्हिजन पुन्हा बांधली. तिला त्यांच्या टोपणनावावरून 'झाझा' म्हणत. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्यही शिरलं होतं. तरी ही डिव्हिजन दक्षिणेकडे सरकत राहिली, जनरल क्लेबर्गच्या पोलेशिया गटाला मिळाली, आणि २ ते ५ ऑक्टोबर कोत्स्क गावाजवळ जर्मनांशी लढली. दारूगोळा संपल्यावर ६ ऑक्टोबरला शस्त्रं खाली ठेवली गेली. त्या मोहिमेतली ही शेवटची मोठी लढाई.

आउगुस्तुव ते कोत्स्क सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. पण कोणीच सरळ रेषेत चाललं नाही. रात्री कूच, दिवसा जंगलात लपणं, महिनाभर. खोगिराखाली ओली घोंगडी, तंग सैल करायला वेळ नाही, चंदीऐवजी शेतातला कच्चा चारा. तीन दिवसांत पाठ सुजते, पाच दिवसांत कातडं जातं. अशा पाठीवर चढायचं नाही, हा नियम प्रत्येक स्वाराला पहिल्या हिवाळ्यातच शिकवलेला असतो, म्हणून या कूचेत कित्येक मैल माणसं घोड्यांच्या बाजूने पायी चालत गेली असणार. ऑक्टोबरपर्यंत रेजिमेंट घोड्यांसह टिकली, हे मला त्या मोहिमेतलं सर्वांत मोठं काम वाटतं. लढाई एका दिवसाची असते. पाठ मात्र रोज सांभाळावी लागते.

आता दुसरी वाट, जी तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. १७ डिसेंबर १९२० ला पोलिश संसदेने कायदा केला. युद्धात लढलेल्या सैनिकांना पूर्वेकडच्या जिल्ह्यांत जमीन द्यायची. शौर्यपदकवाल्यांना, अपंगांना आणि स्वयंसेवकांना ती फुकट मिळे. जुन्या रशियन सरकारच्या, चर्चच्या आणि सोडून गेलेल्या मालकांच्या जमिनी यासाठी घेतल्या गेल्या. अशा सैनिक-शेतकऱ्याला 'ओसादनिक' आणि वस्तीला 'ओसादा' म्हणतात. आपल्याकडच्या इनामाची आठवण होते, पण फरक मोठा आहे. इथे स्वतः नांगर धरायचा होता, आणि देशाच्या कडेला पोलिश वस्ती उभी करणं हा राजकीय हेतू उघड होता. आजूबाजूच्या युक्रेनियन शेतकऱ्यांना ते खुपलं, आणि त्यांचं खुपणं योग्यच होतं. ज्या जमिनीची त्यांना पिढ्यान्पिढ्या भूक होती, ती बाहेरून आलेल्या सैनिकाला मिळाली. हे सांगितल्याशिवाय पुढचं पूर्ण कळत नाही.

क्रेखोव्त्सेच्या माणसांनी रूव्नेजवळ आपली एक आख्खी वस्ती वसवली. तिचं नाव ओसादा क्रेखोव्हिएत्स्का. एका रेजिमेंटचे स्वार एकमेकांचे शेजारी झाले. काल ज्याच्या बाजूला खोगीर कसला, आज त्याच्या बांधाला बांध. मुलं त्या मातीत जन्मली, आणि बापाच्या रेजिमेंटचं नाव हेच त्यांच्या गावाचं नाव झालं. म्हणून तुम्ही वाचलेल्या आठवणीत तो शब्द इतक्या सहज येतो.

१७ सप्टेंबर १९३९ नंतर ती माती सोव्हिएतांच्या हाती गेली. आउगुस्तुवही त्यांच्याच बाजूला गेलं, सुवाव्की जर्मनांकडे. ओसादनिक हे १९२० मध्ये लाल सैन्याशी लढलेले, वर जमीन धारण करणारे, म्हणून यादीत सर्वांत वर. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, गुप्त पोलिसांच्या तुकड्या दारांवर धडकल्या. सामान बांधायला थोडा वेळ, मग घसरगाड्यांवरून स्टेशन, मग मालगाडीचे डबे. या पहिल्या लाटेत साधारण एक लाख चाळीस हजार माणसं उत्तरेला आणि सायबेरियाकडे नेली गेली, त्यांत ओसादनिकांची आणि वनरक्षकांची कुटुंबं सर्वाधिक. गोठ्यातली गुरं आणि घोडे दाव्यालाच राहिले. दोन महिन्यांनी, १३ एप्रिलला, अटकेत असलेल्यांची कुटुंबं कझाकस्तानला गेली.

जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर ३० जुलै १९४१ ला करार झाला, पोलिश लोकांची सुटका झाली आणि सोव्हिएत भूमीवरच पोलिश सेना उभी राहू लागली. तिचे प्रमुख जनरल व्वादिस्वाव आन्देर्स. हेच आन्देर्स १९१७ मध्ये क्रेखोव्त्से रेजिमेंटमध्ये स्क्वाड्रन सांभाळत होते. म्हणजे ज्या उलानांच्या बायकामुलांना त्यांनी १९४२ मध्ये कॅस्पियन ओलांडून इराणला काढलं, त्यांतल्या काहींच्या बापांना ते पंचवीस वर्षांपूर्वी ओळखत असतील. इराणहून मग वाटा फुटल्या. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुलं आणि म्हातारे आफ्रिकेत, पॅलेस्टाइनमध्ये आणि हिंदुस्थानात. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला अशा सुमारे पाच हजार जणांची वस्ती होती. शाळा, चर्च, दवाखाना असलेलं ते एक छोटं पोलिश गावच होतं.

त्याच वेळी रेजिमेंट तिसऱ्यांदा जन्मली. आन्देर्सच्या सैन्यात क्रेखोव्त्से उलान हे नाव पुन्हा दिलं गेलं, आता शेर्मन रणगाड्यांवर. दुसऱ्या पोलिश चिलखती ब्रिगेडमधून ते इटलीत लढले. तिथे आपल्या मातीचा आणि त्यांचा रस्ता एकदा खरोखर जवळ आला. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर ब्रिटिश आठव्या सेनेची शेवटची चढाई सुरू झाली. त्याच दिवशी त्याच नदीवर आठव्या हिंदी डिव्हिजनमधल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, आणि शेजारच्या पट्ट्यातून पोलिश कोअर बोलोन्याकडे निघाली. तेव्हा तुम्ही म्हणता तसं एखादं कुटुंब वळिवड्याच्या बराकीत पत्रांची वाट पाहत असणार. १९४७ मध्ये रेजिमेंट ब्रिटनमध्ये विसर्जित झाली. वोलिन आता सोव्हिएत युक्रेनमध्ये होतं, म्हणून परतीचं गाव कोणालाच उरलं नाही.

तुमच्याकडे त्या कुटुंबाचा फोटो असेल तर एक करा. गणवेशाच्या कॉलरवर लहान, दोन टोकांची झेंडी शिवलेली असते. क्रेखोव्त्सेची वरची पट्टी किरमिजी आणि खालची पांढरी, म्हणजे काळ्यापांढऱ्या फोटोत वर गडद आणि खाली फिकी दिसेल. उलानांची टोपी चौकोनी माथ्याची, तिचा पट्टाही किरमिजी. टोपी गोल असेल तर तो श्वोलेझेर, दुसऱ्या रेजिमेंटचा माणूस. नुसत्या गडद-फिक्यावर मात्र निकाल देऊ नका, कारण इतर रेजिमेंटच्या झेंड्याही अशा दिसू शकतात. फोटो उलटा करून स्टुडिओचा शिक्का वाचा. १९२० च्या आसपासचा असेल तर माणूस स्वार म्हणून उभा आहे. आणि शिक्का रूव्नेचा, नंतरच्या वर्षांतला असेल, तर बहुधा सणाच्या दिवशी जुना गणवेश पेटीतून काढून शेतावरून शहरात आलेला शेतकरी तुम्ही पाहत आहात.